बालवाडीच्या उंबरठ्यावर : मुलाची तयारी आणि घराची तयारी

(बी. ए. भाग २, मानसशास्त्र विभागातील एक विद्यार्थिनी)

मुलाचे शिक्षण केव्हा सुरू होते, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण चटकन उत्तर देतो, 'पहिलीत नाव घातले की.' परंतु पहिलीच्या वर्गात बसणारे मूल त्याआधी दोन-तीन वर्षे कोठेतरी बसलेले असते. कोणाच्यातरी हाताला धरून घराबाहेर पडलेले असते. आणि शाळा ही आपली आहे की परक्याची, याचा निकाल त्याने मनोमन लावून टाकलेला असतो. म्हणूनच बालवाडीचा पहिला दिवस हा वाटतो तितका क्षुल्लक विषय नाही.

आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेकांच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले आहोत. माझ्याही घरी तेच आहे. अशा घरात एक गोष्ट आपोआप घडते. भावाचे, बहिणीचे किंवा चुलत्याचे मूल तीन वर्षांचे झाले, की घरातली वडीलधारी माणसे आपल्याकडे पाहून म्हणतात, "तू शिकलेली हाईस, तूच सांग, पोराला कुठं घालायचं आन् काय शिकवून धाडायचं." म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, स्वतः आईबाप नसतानाही, हा निर्णय आपल्यावर येऊन पडतो. त्या निर्णयाला थोडा अभ्यासाचा आधार असावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

थोडा इतिहास

लहान मुलांसाठी वेगळी शाळा असावी, ही कल्पना फार जुनी नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. पुढे १९०७ साली इटलीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज 'माँटेसरी' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे भारी फी घेणारी शाळा येते. पण त्या पद्धतीतली पहिली मुले कष्टकऱ्यांच्या घरची होती. आईबाप कामावर गेले की दिवसभर मोकळी फिरणारी ती मुले होती.

आपल्याकडे गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. १९२३ साली तेथे ताराबाई मोडक येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये 'नूतन बालशिक्षण संघ' स्थापन झाला. मात्र ताराबाईंना एक खंत होती. हे शिक्षण शहरातल्या सुस्थितीतल्या मुलांपुरतेच राहणार काय? या प्रश्नाचे उत्तर शोधत त्यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वारली मुलांमध्ये, पुढे चालू राहिले.

बोर्डीला आलेली मुख्य अडचण अशी होती, की बालवाडी होती, पण मुले येत नव्हती. घरचे म्हणत, पोर शाळेत गेले तर धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? त्यावर ताराबाई आणि अनुताई यांनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. मूल बालवाडीकडे येत नाही ना, मग बालवाडी मुलाच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरविले. महागड्या साधनांच्या जागी खडे, शंख-शिंपले, पाने आणि बिया आल्या. 'अंगणवाडी' ही कल्पना या प्रयोगातून रूढ झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा हा शब्द देशभर गेला.

आपल्या कोल्हापूरचा वारसा तर याहून जुना आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. शाळा गरिबाच्या मुलासाठी आहे, ही गोष्ट या मातीत त्यांनी शंभर वर्षांपूर्वी रुजविली. मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणण्याचे काम कायदा करू शकतो. दारातून आत पाऊल टाकताना मुलाच्या मनात काय असते, ते मात्र घराने आणि बाईंनी पाहायचे असते.

भीती येते कोठून?

मुलाला शाळेची भीती उपजत नसते. ज्याने शाळा पाहिलीच नाही, त्याला तिची भीती कशी असेल? ती आपण घरात, अगदी नकळत, पेरतो. मूल हट्ट करू लागले की घरोघरी एक वाक्य ऐकू येते, "गप बस, न्हाईतर शाळंत नेऊन घालतो, बाई छड्या मारत्यात." वर्षभर ज्या जागेचा धाक दाखविला, त्याच जागी जूनच्या एका सकाळी आपण मुलाला सोडून येतो आणि वर विचारतो, 'हे रडते का?'

असे बोलणाऱ्यांना मुलाचे वाईट व्हावे असे थोडेच वाटते! त्यांनी स्वतः पाहिलेली शाळाच तशी होती. माझ्या वडिलांनी सातवीतून शाळा सोडली आणि ते उद्यमनगरात कामाला लागले. आजही कोणत्याही शाळेच्या फाटकातून आत जाताना त्यांचा आवाज खाली येतो. आई माझ्या पालकसभेला येई ती शेवटच्या रांगेत बसे; बाईंनी काही विचारले तर पदर सावरीत माझ्याकडे पाही. जी माणसे शाळेत अवघडून वावरतात, त्यांच्या कडेवर बसलेल्या मुलाला ते अवघडलेपण न सांगता कळते. म्हणून आमच्यासारख्या घरांत मुलाच्या तयारीआधी घराची तयारी करावी लागते. सर्वात पहिली गोष्ट म्हणजे शाळेचा धाक घालणे बंद करणे. २००९ च्या बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारण्यास व मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे, हेही घरच्यांना सांगावे. छडीची शाळा आता कायद्यालाही मान्य नाही.

रडण्याचा अर्थ

आता मानसशास्त्र काय सांगते ते पाहू. इंग्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी आई आणि मूल यांच्यातील भावबंधाचा सखोल अभ्यास केला. त्यांच्या विचाराचा सारांश असा, की मुलाला जवळच्या माणसाचा आधार जितका खात्रीचा वाटतो, तितके ते त्याच्यापासून दूर जाऊन जग धुंडाळण्यास धजावते. पाखरू घरट्याची खूण मनात धरूनच लांब उडते, तसे हे आहे. तेव्हा निरोपाच्या वेळी रडणारे मूल लाडावलेले किंवा भित्रे असते, असा अर्थ काढू नये. आपले माणूस कोणते, हे त्याला कळते, एवढाच त्या रडण्याचा अर्थ आहे.

बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात आईवाचून राहणाऱ्या एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट तयार केला. अशी मुले आधी आक्रोश करतात, मग खिन्न होतात आणि शेवटी अलिप्त होतात, असे त्यांच्या निरीक्षणातून पुढे आले. बालवाडीचे तीन तास म्हणजे रुग्णालय नव्हे, हे खरे. तरीही त्यातून एक धडा घेता येतो, तो असा की गप्प बसलेले मूल रुळलेलेच असते असे नाही. रडणारे मूल निदान आपले म्हणणे सांगत असते. जे कोपऱ्यात मुकाट बसते, खेळत नाही, डबा उघडत नाही, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावयास हवे.

तयारी कशाची करावी?

पुष्कळ घरांतून तयारी म्हणजे अक्षरे गिरविणे असा समज आहे. एप्रिलपासून पाटी-पेन्सिल मुलाच्या हाती देऊन 'अ' काढून घेतला जातो. इंग्रजी माध्यमाचा विचार असेल तर 'ए फॉर ॲपल' पाठ करून घेतले जाते. वास्तविक तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांचे लहान स्नायू अजून पक्के झालेले नसतात. त्याला पेन्सिल धरायला लावणे म्हणजे कोवळ्या वेलीवर ओझे टांगणे होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही वय वर्षे तीन ते आठ हा एकच 'पायाभूत स्तर' मानून तेथे खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तसेच शाळेत प्रवेश देताना मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास वर सांगितलेल्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा 'काही आले नाही तर घेणार नाहीत' या भीतीपोटी मुलाला घोटून घेण्याचे कारण नाही. तयारी करावयाची ती पुढील चार गोष्टींची.

पहिली, निरोपाची. जे मूल आईवाचून कधी अर्धा तासही राहिले नाही, त्याला एकदम तीन तास परक्या ठिकाणी ठेवणे कठीण जाते. त्यासाठी दोन महिने आधीपासून लहान लहान निरोपांची सवय लावावी. "मी दुकानातनं साखर घेऊन येते, तवर तू आत्तीजवळ बस" असे सांगून जावे आणि सांगितल्याप्रमाणे परत यावे. मुलाची नजर चुकवून मागल्या दाराने सटकू नये. त्या क्षणी रडणे वाचते. पण आई कधीही नाहीशी होऊ शकते, असा धसका मूल घेते आणि मग घरातही पदर सोडत नाही. आपल्या आज्ज्या तान्ह्या मुलाशी तोंडावर पदर धरून 'बुवा कुक' खेळतात, त्या खेळाचे मर्म हेच आहे. दिसेनासे झालेले माणूस परत दिसते! लपंडावही त्याच खेळाचा थोरला भाऊ म्हणावा लागेल.

दुसरी, हातांची. डब्याचे झाकण उघडणे, सांडत का होईना आपल्या हाताने खाणे, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणे, हात धुणे, चप्पल घालणे, चड्डी खाली-वर करणे, एवढे मुलाला येत असेल तर ते बालवाडीत निम्मे निर्धास्त होते. माँटेसरींच्या पद्धतीत पाणी ओतणे, बटणे लावणे, घड्या घालणे यांना मानाचे स्थान आहे. त्यासाठी साधने विकत आणण्याची गरज नाही. आमच्या घरी सांजवेळी भुईमुगाच्या शेंगा फोडतात, लसूण सोलतात, तांदूळ निवडतात. तिथे मुलाला बाजूला न सारता त्याच्यापुढेही मूठभर शेंगा टाकाव्यात. भाकरीच्या पिठाचा एक गोळा त्यालाही द्यावा. पेन्सिल धरण्याची खरी पूर्वतयारी या कामांतून होते. घाईत झाकण उघडून देणारी, भरवणारी माया बालवाडीत मुलाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून डबाही सहज उघडेल असाच घ्यावा, आणि बटणाच्या चड्डीपेक्षा इलॅस्टिकची बरी.

तिसरी, शब्दांची. याचे एक उदाहरण आमच्याच घरातले आहे. माझा पुतण्या बालवाडीत जाऊ लागल्यावर पहिले काही दिवस रोज ओल्या चड्डीने घरी येई. घरी तर त्याला ही सवय नव्हती. सगळे म्हणू लागले, पोर भ्यालंय. एके दुपारी मी त्याला मांडीवर घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बाईंस्नी मी काय म्हंतोय त्ये कळत न्हाई." लघुशंकेसाठी आमच्या घरी, गावाकडच्या रीतीने, जो शब्द वापरतात तो बाईंच्या ओळखीचा नव्हता, आणि बाई वर्गात जो इंग्रजी शब्द विचारीत तो त्याने कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी वहिनींनी जाऊन बाईंना तो शब्द सांगितला. बाई हसल्या, 'बरं झालं सांगितलंत' म्हणाल्या, आणि त्यांनी तो लक्षात ठेवला. आठवडाभरात चड्डी कोरडी राहू लागली.

प्रसंग छोटा आहे, पण मला तो फार बोलका वाटतो. घरची बोली आणि शाळेची भाषा यांतले अंतर मुलाला पहिल्याच दिवशी ओलांडावे लागते, आणि तेही अशा नाजूक वेळी! म्हणून पाणी हवे, शू लागली, दुखतेय, नको, आई हवी, एवढे पाच-सहा शब्द बाईंना समजतील असे मुलाला शिकवावेत. तसेच मूल घरी कोणता शब्द वापरते तेही बाईंना आधीच सांगावे. मात्र त्याच्या घरच्या शब्दाला 'गावंढळ' म्हणून हिणवू नये. घरच्या शब्दाची लाज वाटू लागलेले मूल बोलायचेच थांबते, आणि न बोलणारे मूल शिकणार कसे? बालवाडीचे माध्यम निवडतानाही हा विचार व्हावा. जिथे मुलाला स्वतःच्या भाषेत पाणी मागता येते ती जागा, अंगणवाडी का असेना, त्याच्या दृष्टीने चांगली शाळा होय. आमच्याकडे अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याची जागा, असे हलक्यात बोलले जाते. खाऊबरोबर लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण हीदेखील तिची कामे आहेत. सेविकेकडे वेळ आहे का, मुले गाणी-खेळ करतात का, हे आपण स्वतः जाऊन पाहावे आणि मग ठरवावे.

चौथी, जागेची व वेळेची. शाळा सुरू होण्याआधीच मुलाला त्या रस्त्याने चार-सहा वेळा फिरवून आणावे. कुंपण, घसरगुंडी, पाण्याचा नळ, मोरी दाखवावी. बाईंची ओळख करून द्यावी. उशिरा झोपणाऱ्या मुलाची झोप दोन-तीन आठवडे आधीपासून हळूहळू अलीकडे आणावी. मुलाला घड्याळ कळत नाही. 'बारा वाजता येते' या वाक्याचा त्याला उपयोग नाही. 'गाणी झाली, खाऊ खाल्ला, की मी दारात उभी असेन' हे त्याला कळते.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी मोठा लवाजमा नेऊ नये. ज्याच्याशी मूल निवांत असते असे एकच माणूस जावे. बाईंची परवानगी असेल तर ते माणूस थोडा वेळ जवळ बसावे. पहिले काही दिवस तास-दीड तासच ठेवून वेळ वाढवीत न्यावी. निरोप मात्र थोडक्यात आणि हसून घ्यावा. उंबऱ्यात उभे राहून आपणच डोळ्यांना पदर लावला, तर येथे काहीतरी भयंकर आहे, असेच मुलाला वाटणार. मुलाला एखाद्या वस्तूचा लळा असेल, आईच्या जुन्या लुगड्याचा किंवा वाकळेचा तुकडा असेल, तर तो दप्तरात राहू द्यावा. डॉनल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञांनी अशा वस्तूंचे महत्त्व सांगितले आहे. त्या तुकड्यात मुलासाठी घराचा वास असतो.

सर्वात महत्त्वाचे, न्यायला वेळेवर जावे. आपल्या घरी कामाच्या पाळ्या असतात, बाजार असतो. तरी पहिले पंधरा दिवस ही एक वेळ कोणीतरी सांभाळलीच पाहिजे. आई परत येते, हा बालवाडीतला पहिला धडा आहे, आणि तो शिकविणे बाईंच्या हातात नसते. घरी आल्यावर 'आज काय शिकवलं?' असे दरडावून विचारण्यापेक्षा 'कोणाशेजारी बसलास?' असे विचारावे. रुळू लागलेले मूल मधेच पुन्हा रडते, रात्री अंथरूण ओले करते, चिडचिड करते. हे बहुधा काही दिवसांत निवळते. महिना उलटूनही मूल खाणे टाकत असेल, विशिष्ट माणसाला किंवा जागेला भीत असेल, तर मात्र दटावू नये. शांतपणे बाईंशी बोलावे आणि मुलाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा.

शाळेचीही तयारी

मुलानेच शाळेला लायक व्हावे, असे आपण समजतो. शाळेनेही मुलाला लायक व्हावयास नको का? गिजुभाई, ताराबाई, अनुताई यांच्या कामाचा गाभा हाच आहे. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केले, तेही शिक्षण निर्भय व आनंदाचे असावे या श्रद्धेने. ती प्राथमिक शाळा. पण तिचे सूत्र बालवाडीलाही तितकेच लागू आहे. भीती गेली की शिकणे आपोआप सुरू होते.

अर्थात चाळीस मुलांमागे एकच बाई असेल तर तिने किती जणांचे डोळे पुसावेत? बाईंची अडचणही समजून घेतली पाहिजे. येथे आपल्यासारख्यांना एक काम करता येईल. घरातली माणसे शाळेत बोलायला बुजतात. आपण आता बुजत नाही. वहिनीबरोबर, मावशीबरोबर आपण जावे. पण आपणच सारे बोलून मोकळे न होता तिला बोलते करावे. "ह्याला काय आवडतं ते तूच सांग की बाईंना," असे म्हणावे. मुलाची खरी जाणकार तीच असते, मग तिचे शिक्षण चौथीपर्यंत का झालेले असेना. आई बाईंशी मोकळेपणाने बोलते आहे, हे एकदा मुलाने पाहिले, की त्या जागेविषयी त्याला वेगळे काही सांगावे लागत नाही.

तात्पर्य, बालवाडीची तयारी ही विश्वासाची तयारी आहे. शेंगा, पिठाचा गोळा, आज्जीचा 'बुवा कुक', आईची हाक ही सारी साधने आपल्या घरात आधीपासून आहेत. 'आमच्याकडे काय हाय पोराला शिकवायला?' असे ज्या घरांना वाटते, त्यांना हे समजावून सांगणे, हे त्या घरातून पहिल्यांदा महाविद्यालयात आलेल्या प्रत्येकाचे काम आहे. येत्या जूनआधी आपल्या घरी किंवा शेजारी कोणाचे मूल तीन वर्षांचे होत असेल, तर त्याच्या हाती पाटी देण्यापूर्वी त्याला एकदा बालवाडीच्या रस्त्याने फिरवून आणा, आणि परत येताना त्याच्या आईलाही बरोबर घ्या.